केळशीच्या घरातली हाक

पुणे
१८ जून २०२४

मालनताई, नमस्कार.

तुझा मोबाइल कायम मुका असतो, आणि तो मुका का असतो हे मला माहीत आहे. म्हणून पत्र लिहितोय. शिवाय हे फोनवर बोलण्यासारखं नाही.

मी नक्की काय करतो ते तू कधी विचारलं नाहीस. गावात सांगतेस, आमचा सुजय हृदयाचा डॉक्टर. खरं तर मी ठोक्यांचा डॉक्टर. रक्तवाहिन्या तुंबतात ते दुसरे लोक बघतात. माझ्याकडे येतात ते ठोक्याचा ताल चुकणारे. त्यातही कितीतरी वर्षं मी एकाच आजाराच्या मागे आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी सावरून घेतं. काही घराण्यांत या सावरण्याला जरा जास्त वेळ लागतो. माणूस धडधाकट असतो, पोहतो, माडावर चढतो, कुणाला काही कळत नाही. पण नेमका तेव्हाच दचकवणारा आवाज झाला, गजर म्हण, फटाका म्हण, तर ताल सुटतो. बहुतेक वेळा माणूस पडतो आणि आपोआप उठतो. कधी उठत नाही.

विनोद गेला तेव्हा मी इंटर्न होतो. तुमच्या घरी फोन नवाच आलेला. सकाळी तो वाजला, तुझा भाऊ झोपेतून उठला आणि माजघराच्या उंबऱ्यावर पडला. बावीस वर्षांचा. आप्पामामांनी रिसीव्हर उचलला तर पलीकडे कोणी नव्हतं. लोक म्हणाले, हाक आली. यमुनाला आली तशीच.

यमुना म्हणजे माझी आई. मी आजवर साताऱ्याचं, नांदेडचं, कुणाकुणाचं घराणं तपासलं आणि आपलं तेवढं ठेवून दिलं. या वर्षी पहिल्यांदा आपल्या घराचा तक्ता काढला. पुरुष चौकोन, बाई गोल, गेलेल्यांवर तिरकी रेघ. विनोदच्या चौकोनापुढे लिहिलं, ‘फोन’. आईच्या गोलापुढे लिहायला माझ्याकडे काही नाही. बाळंतपणाला माहेरी आली, मी तान्हा असताना गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मी मामांकडे वाढलो. आईची गोष्ट म्हणून मला कायम हेच सांगितलं की किनाऱ्याकडून तिला कुणीतरी हाक मारली. ताई, मला आता गोष्ट नको. त्या वेळी घरात कसला आवाज झाला होता ते हवं आहे. आप्पामामा तेव्हा घरी होते. त्यांना विचारून लिही.

ऑगस्टात मी रत्नागिरीत तपासणीसाठी येतोय. तू, मामा आणि तुझी लेक सानवी या. एक ईसीजी आणि थोडं रक्त, बाकी काही नाही.

सुजय


केळशी
२ जुलै

चि. सुजय यास ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि छत्री न घेता आगरात गेले. जेवायची वेळ झाली तरी आले नाहीत. या घरात कोणी कुणाला लांबून बोलवत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा मीच चिखलातून गेले आणि हाताला धरून आणलं. जेवताना एवढंच म्हणाले, “त्याला लिही, तब्येत सांभाळ.” ऐंशी उलटली, पण अजून बाहेरून कुणी आलं तर आधी कडीला हात लावतात, ती वाजू नये म्हणून.

यमुआत्येचं मला काय आठवणार? मी तीन वर्षांची. मला माजघरात जाऊ देत नव्हते आणि मी ओटीवर तुझ्याजवळ बसले होते, एवढंच आहे डोक्यात. बाकी आप्पा सांगतात ते. हाक आली आणि ती गेली. तू एवढा शिकलास, तुला ते खरं वाटत नसेल. वाटून घेऊ नकोस, पण उकरूही नकोस.

आता चांगली बातमी. आपली सानवी गरोदर आहे. सातवा लागलाय. चिपळूणला सासरी सगळं चांगलं आहे, फक्त माणसं गच्चीवरून खाली ओरडून बोलणारी. आपल्या घरात पायाचा अंगठा धरून उठवलेली मुलगी ती, सुरुवातीला दचकून दचकून बेजार झाली. मला हसू यायचं. जावई, स्वरूप, स्वभावाने गरीब आहे. तिला मध्येच चक्कर येते म्हणून ती माणसं तिला लवकर माहेरी पाठवणार आहेत. पहिलटकरणीला येतेच चक्कर. तुझे मेहुणे बोटीवर आहेत, दिवाळीपर्यंत यायचे नाहीत. त्यामुळे तिचं सगळं मलाच बघायचं आहे. तपासणीला कसली येते मी?

तू आमसुलं मागितली नाहीस तरी पाठवतेय.

मालन


पुणे
१२ जुलै

मालनताई,

आमसुलं मिळाली. सानवीची बातमी वाचून मला आधी आनंद झाला आणि मग चक्करेची ओळ मी तीनदा वाचली.

तिला चक्कर कधी आली? बसली होती की उभी? आधी काही वाजलं का, कुणी ओरडलं का? पडली तर किती वेळ शुद्ध नव्हती? ओठ निळे झाले का? हे सगळं मला लिही, तुला क्षुल्लक वाटलं तरी लिही.

मी सरळच सांगतो. हा आजार आईकडून किंवा बापाकडून मुलात उतरतो, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. आवाजाने घात करणारा जो प्रकार आहे, त्यात बाईला सगळ्यात मोठा धोका गरोदरपणात नसतो, बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत असतो. झोप अर्धवट, शरीर थकलेलं. माझी आई त्याच दिवसांत गेली. म्हणूनच ती कशी गेली ते मला कळायला हवं. तिच्या मरणामागे आवाज असेल तर घराण्यातला प्रकार पक्का होतो आणि सानवीसाठी काय करायचं ते ठरतं. साधी गोळी असते, ताई. रोज घ्यायची. बाळाला दूध पाजतानाही चालते. गेल्या वर्षी नगरची एक मुलगी माझ्याकडे आणली, तिला आणायलाच उशीर झाला होता. तिच्या नवऱ्याने मला विचारलं, “ही गोळी आधी का नाही मिळाली?” तो प्रश्न तुझ्या जावयाने विचारू नये.

मामांना मीच लिहू का?

सुजय


केळशी
९ ऑगस्ट

सुजय,

मुद्दाम उशिरा लिहितेय, राग शांत व्हावा म्हणून. झाला नाही.

सानवीला चक्कर आली ती उन्हाने. तिला काही झालेलं नाही. तुला माहीत आहे का, विनोदच्या गोष्टीमुळे तिची दोन स्थळं मोडली? दापोलीच्या लोकांनी तोंडावर सांगितलं, तुमच्या घराला बाधा आहे. चिपळूणच्यांनी काही विचारलं नाही, हे आमचं नशीब. आता तू तिचं नाव तुझ्या संशोधनात घालणार, कागद निघणार, छापून येणार. आधी बाधा होती, आता रोग. माझ्या मुलीने सासरी काय म्हणून सांगायचं?

तू लोकांचं रक्त मागतोस. स्वतःचं दिलंस का? मला खरं उत्तर दे. मला वाटतं दिलं नाहीस.

आणि यमुआत्येला सोड. पन्नास वर्षं झाली. काही गोष्टी कुणाच्या तरी भल्यासाठी झाकलेल्या असतात, त्या कुणाच्या भल्यासाठी ते विचारू नये. आप्पांना तू एक अक्षर लिहिलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

सानवी परवा आली. ठीक आहे.

मालन


केळशी
२७ ऑगस्ट

चिरंजीव सुजय,

हात कापतो, अक्षर समजून घे. तुझी दोन्ही पत्रं मी वाचली. पहिलं मालनने वाचून दाखवलं होतं. दुसरं तिने काल स्वतःहून माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली.

काल सानवी मागच्या पडवीत आठळ्या सोलत होती. पत्र्यावर नारळ पडला. आम्ही सगळेच दचकलो. ती मात्र बसल्या जागी कलंडली. हात दोनतीनदा झटकले, ओठ काळे पडले. मालन तिचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या तोंडाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत होती. मग सानवीने श्वास घेतला आणि म्हणाली, “काय झालं?” मालन म्हणाली, “काही नाही, अशक्तपणा.” मी सानवीचे डोळे पाहिले होते. ते डोळे मी आधी दोनदा पाहिले आहेत. चिपळूणलाही ती अशीच पडली होती, कुकरच्या शिट्टीने, हे मालनने त्यानंतर कबूल केलं.

तू विचारलंस, घरात कसला आवाज झाला. सांगतो.

यमुनेला बाळंत होऊन तीन आठवडे व्हायचे होते. दुपारची वेळ. मी हर्णै बंदरातून सुट्टीवर आलो होतो आणि ओटीवर सुंभ वळत बसलो होतो. थोड्या वेळापूर्वीच ती मला म्हणाली होती, “दादा, याला जरा बघशील? माझा डोळा लागतोय.” तू गरीब पोर होतास. रडायचास तेही कुरकुरल्यासारखं. त्या दुपारी तुझ्या मानेला मुंगळा डसला. तो मी नंतर काढला. तू एकदम टाहो फोडलास, आम्ही तुझा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. यमुना झोपेतून ताडकन उठली. एक पाय खाली टाकला, हात पाळण्याकडे, आणि तशीच खाली आली. मी पोचलो तेव्हा तिचे डोळे उघडे होते. तू रडतच होतास.

बायका जमल्या. काय झालं, काय झालं. त्यांतली एक म्हणाली, पोर रडलं आणि ही गेली, कारटं आईच्या मुळावर आलं. सुजय, तू तेव्हा माझ्या हातात होतास. एवढासा होतास. मी पाहिलं की हे शब्द आता या गावात तुझ्याबरोबर मोठे होणार. शाळेत जातील, मुंजीला येतील. मी मोठ्याने म्हणालो, “पोर नंतर रडलं. आधी किनाऱ्याकडून हाक आली. यमुने म्हणून. मी ऐकली.” सरकारी नोकरीतला माणूस मी, असल्या गोष्टींना हसणारा. माझ्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला.

मला त्याचा पश्चात्ताप नाही. आज पुन्हा ती दुपार आली तर मी पुन्हा तेच म्हणेन. पण एक तुला सांगतो, जे मी कुणाला सांगितलं नाही. विनोदच्या वेळी लोक म्हणाले, पुन्हा हाक आली. मी रिसीव्हर कानाला लावला होता, आत नुसती घरघर, आणि मला वाटलं, ही मी बोलावून आणली. जी नव्हती तिला मी नाव दिलं, घर दाखवलं. तेव्हापासून दिवेलागणीला किनाऱ्याकडची खिडकी मी लावून घेतो. माझ्याच तोंडून निघालेल्या खोट्याला मी भितो. मालनला तिच्या आईने खरं सांगून ठेवलं होतं. ती तुझ्यावर रागावते ती त्यापायी. तुला ते कधी कळू नये म्हणून.

आता तुझ्या तक्त्यात लिही. बाळाचं रडणं. आणि लिहून झालं की ये. सानवीला घेऊन जा.

आप्पा


केळशी
३ नोव्हेंबर

चि. सुजय,

तू गेल्यापासून एक शब्द नाही. मेसेज केला तर ‘ठीक’ एवढंच. म्हणून पुन्हा पत्र. पत्राला तू उत्तर देतोस.

मला सगळं मांडून लिहायचंय, कारण तेव्हा बोलायला उसंत नव्हती. आप्पांचं पत्र मिळालं त्याच दिवशी तू पुण्याहून निघालास. दारात उभा राहिलास तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. वाटलं, आता हा आप्पांना काहीतरी बोलेल. तू त्यांच्या पाया पडलास आणि म्हणालास, “सानवीची बॅग भरा.” मग आपण रत्नागिरीला गेलो. ईसीजीचा कागद मशीनमधून निघत होता तेव्हा तू बोट लावून मला दाखवलंस, ही बघ, हा उंचवटा इथे संपायला हवा, हा इथवर येतोय. मला त्यातलं काही कळलं नाही. तू तीच रेघ पुन्हा पुन्हा मोजत होतास तेवढं कळलं.

ज्याची मला सगळ्यात भीती होती ते काहीच झालं नाही. स्वरूपला तू समोर बसवून सगळं सांगितलंस. तो ऐकून म्हणाला, “गोळी आहे ना? मग घेईल. आमच्याकडे कुकरऐवजी पातेल्यात भात करू.” एवढंच. मी मात्र पंचवीस वर्षं या एका गोष्टीला भीत होते.

आणि बाळंतपण. त्यासाठी तू महिन्याने पुन्हा रत्नागिरीला आलास. मला बाहेर थांबवलं होतं, पण दाराच्या काचेतून दिसत होतं. बाळ रडलं. आत सगळे बाळाकडे वळले. तू एकटा वळला नाहीस. ठोके दाखवणाऱ्या मशीनच्या पडद्याकडे बघत राहिलास. मी सानवीकडे बघत होते. तिने डोळे मिटले तेव्हा मी दार ढकलून आत जाणार होते. मग तिने उघडले आणि विचारलं, “मुलगी ना?” मी तुला शोधायला वळले तर तू नव्हतास. नर्स म्हणाली, डॉक्टर जिन्यात बसलेत. मी जिन्यात गेले तर तिथेही नाहीस. संध्याकाळच्या गाडीने गेलास म्हणे. बाळाचं तोंडही न बघता. आप्पा मला विचारत राहिले, “रागावलाय का तो?”

आता घरी सगळं तू लिहून दिल्याप्रमाणे. पाळणा माझ्या खोलीत. सानवीची झोप मोडू देत नाही, दूध पाजायला मी तिला हळूच हलवून उठवते. गोळी आप्पा स्वतःच्या हाताने देतात आणि ती गिळेपर्यंत समोर उभे राहतात. बाळाचा आवाज मात्र खणखणीत आहे. इतक्या वर्षांत या घरात एवढ्या मोठ्याने कोणी आवाज केला नव्हता. ती रडली की आम्ही दोघंही हातातलं काम टाकून सानवीकडे धावतो, बाळाकडे नाही. मग लाजतो. सानवी बिचारी म्हणते, “अरे, मी आहे, तिला घ्या.”

आम्ही तिघांनी आणि बाळानेही रक्त दिलं त्याला महिना झाला. काय आलं? आणि तुझं? त्या वेळी विचारलं होतं ते रागाने. आता तसं नाही विचारत.

मालन


पुणे
१९ नोव्हेंबर

मालनताई,

आप्पामामांना सांग, मी रागावलेलो नाही. त्यांनी मला गावात मान वर करून वाढू दिलं. शाळेत पोरं माझ्याशी खेळायची, कुणाच्या आईने मला कधी दाराबाहेर ठेवलं नाही. ते कुणामुळे, हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. त्यांच्या पत्रातले तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचतो, ‘हात पाळण्याकडे’. मला वाटायचं, आई कुणाच्या तरी हाकेला गेली, म्हणजे माझ्याकडे पाठ करून गेली. तसं नव्हतं. ती माझ्याकडे यायला उठली होती.

पण हे कळल्यापासून मला नीट काम करता येत नाही, हेही खरं. आमच्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर बाळंतिणी असतात. मी तो जिना टाळतो. लिफ्टचं दार तिथे उघडलं आणि एखादं तान्हं रडत असलं तर माझे डोळे आपोआप त्याच्या आईला शोधतात. ती उठून बसलेली दिसेपर्यंत मी श्वास घेत नाही. रत्नागिरीत तेच झालं. सानवीच्या गोळ्या महिनाभर चालू होत्या, तिला काही होणार नाही हे मला डॉक्टर म्हणून माहीत होतं. बाळ रडलं. पडद्यावरची रेघ जशी चालली होती तशीच चालत राहिली. ताई, आयुष्यभर मी जे शिकलो ते त्या एका रेघेसाठी होतं असं वाटलं, आणि माझ्याने तिथे थांबवेना. बाळाकडे बघितलं असतं तर मी सगळ्यांसमोर कोसळलो असतो. म्हणून निघालो. तिचं तोंड बघायला मी पौषात येईन.

आता अहवाल. नीट वाच आणि घाबरू नकोस.

आप्पामामांमध्ये दोष आहे. ऐंशी वर्षं त्यांनी तो छातीत बाळगला आणि त्यांना काही झालं नाही. एकाच घरात असं का होतं, ते आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही. तुझ्यात आहे. तुझ्या गोळ्यांचं मी रत्नागिरीच्या डॉक्टरांशी बोललोय, पुढच्या सोमवारी जा. सानवीत आहे, ते आपल्याला ठाऊकच होतं. बाळातही आहे. तिला आतापासून औषध द्यायचं, किती आणि कसं ते डॉक्टर सांगतील, आणि कुठलंही दुसरं औषध मला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. ती शाळेत जाईल, पोहेल, तिचं लग्न होईल. हे मी तुझं समाधान म्हणून लिहीत नाही, अशी माझी कितीतरी मुलं मोठी झाली आहेत. संशोधनात गावाचं, घराचं, कुणाचंही नाव येणार नाही. तिथे आपण ‘किनाऱ्यावरचं एक कुटुंब’ एवढंच आहोत.

तू विचारलंस ते बरोबर होतं. मी स्वतःचं रक्त कधी दिलं नव्हतं. ईसीजी काढायचो, तो काठावरचा यायचा, असेलही नसेलही असा, आणि मी तेवढ्यावर थांबायचो. या वेळी तुमच्याबरोबर दिलं.

माझा कागद मी सगळ्यात शेवटी उघडला. माझ्यात तो दोष नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीने माझं अभिनंदन केलं आणि चहा सांगायला गेली. मी खोलीत एकटाच बसून राहिलो. आईचा एक फोटोही नाही आपल्याकडे. तिचा आवाज कसा होता ते मला कोणी सांगितलं नाही. पण एवढी वर्षं मी मनात धरून चाललो होतो की जे तिच्या छातीत होतं ते माझ्याही छातीत आहे, तिचं निदान तेवढं तरी मला मिळालं आहे. माझ्याही नकळत मी त्याच्या आधारावर जगत होतो. ते नाही निघालं. सानवीच्या लेकीत आहे, माझ्यात नाही.

मला आनंद व्हायला हवा होता, ताई. मला वाटलं, ती मला आणखी एकदा सोडून गेली.

सुजय